डुमसला मी काय बोलले

आबा,

गेल्या रविवारी तुमच्या नातीला सुरतेचा किल्ला दाखवायला घेऊन गेले होते. तुम्ही आता तो ओळखणार नाही. सगळी डागडुजी झालीय, तिकीट लावलंय, आत दिवे बसवलेत, काचेच्या कपाटांत जुनी भांडी आणि नाणी मांडलीत. एका भिंतीवर जुन्या शहराचा नकाशा आहे. शहराभोवतीचा कोट आणि त्याचे दरवाजे, कुठला कुठे होता ते सगळं त्यात दाखवलंय. पोरगी आता बारा वर्षांची आहे. नकाशावर बोट फिरवत ती विचारते, "मम्मी, तू लहानपणी आजोबांबरोबर हे सगळं फिरली होतीस ना? मग किल्ल्यानंतर कुठे गेलात?" मी म्हटलं, "कुठे जाणार? घरी." तिला ते खरं वाटलं. आम्ही बाहेर येऊन सोडा प्यायलो आणि बारडोलीची बस पकडली.

घरी गेलो नव्हतो आपण. डुमसला गेलो होतो, दर्यावर. पण डुमसचं नाव मी इतक्या वर्षांत कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, मायपुढे तर नाहीच. तिथे मी शाळेतल्या एका मुलीपुढे तुमच्याबद्दल एक वाक्य बोलले होते. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही, अशी समजूत मी महिनाभर करून घेतली. मग ती समजूत गेली. त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं होतात आणि त्या नऊ वर्षांत मला तुमच्याशी याबद्दल बोलता आलं नाही. बसमध्ये पोरगी खांद्यावर डोकं टाकून झोपली तेव्हा मनात आलं, हे ऐकायला हक्काचा माणूस एकच होता. म्हणून लिहायला बसलेय. माझ्या साखर कारखान्याच्या ऑफिसातला कोरा कागद आहे, उसाच्या हिशेबाचा. चालेल तुम्हाला.

ती प्लेगच्या पुढच्या वर्षीची दिवाळी. प्लेगच्या वेळी अख्खं नवागाम, सुरतेतली आपली वस्ती, गावाकडे पळालं होतं, आपणही पळालो होतो आणि तिथे काकांच्या ओसरीवर बसून पुष्कळ दिवस काढले होते. त्यामुळे यंदा गावाला जायचं नाही, असं तुम्ही नवरात्रातच सांगून टाकलंत. दिवाळीत खाती बंद झाली. खातं म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, हे मी आता इथल्या लोकांना समजावून सांगते, तेव्हा ते समजावावं लागत नव्हतं. गल्ली रिकामी झाली. शेजारपाजारचे सगळे धुळ्या-नंदुरबारच्या गाड्यांत कोंबून निघून गेले. मी आणि धाकटी उंबऱ्यावर बसून राहायचो. तुम्ही दोन दिवस झोपलात. बारा बारा तासांच्या पाळ्यांची झोप एकदम काढतात तसे झोपलात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलात, दाढी केलीत आणि मायला म्हणालात, "भाकरी बांधी ले. आज मी तुमले सुरत दखाडसू."

माय हसली. "बारा वरीस व्हयनात, तुम्हीच कधय दखी सुरत?"

खरंच बोलली ती. तुमची सुरत म्हणजे घर, खातं, रेल्वेच्या रुळांखालून जाणारं गरनाळं आणि शनिवारचा बाजार. त्यापलीकडचं शहर तुम्ही रिक्षावाल्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. सहारा दरवाजा, दिल्ली गेट, लाल दरवाजा, कतारगाम दरवाजा. रिक्षावाले ही नावं ओरडायचे आणि तुम्हाला वाटायचं, नाव आहे म्हणजे दरवाजा आहे. आपल्या गावाला वेस आहे, तिला लाकडी दार आहे, दाराला खिळे आहेत, तर एवढ्या मोठ्या शहराला किती मोठी दारं असतील! "आपला गावले एक दरवाजा शे, आठे बारा शेतस," इथे बारा आहेत, असं तुम्ही धाकटीला खांद्यावर घेऊन सांगत होतात. हत्ती जाईल एवढे उंच. कड्या एवढ्या जाड. गरनाळ्याखालून चालताना तुमचा आवाज घुमत होता आणि सायकलवाले मागे वळून बघत होते.

तुमचा आवाज. त्याबद्दल आधी लिहायला हवं. मागांच्या खडखडाटात वर्षं काढल्यावर कान जातात आणि कान गेले की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. तुम्ही घरात "मीठ दे" म्हणालात तरी तीन घरं पलीकडे कळायचं. नवागाममध्ये सगळ्यांचेच बाप असे बोलायचे, त्यामुळे मला ते कधी खटकलं नव्हतं. पण त्या जूनपासून मी शहरातल्या गुजराती शाळेत जात होते. आमची मराठी शाळा सातवीला संपली आणि आठवीसाठी तुम्ही मला तिकडे घातलंत. पोरीनं दहावी व्हायचं, असं तुम्ही ठरवलेलं होतं. गल्लीतल्या बायका मायला म्हणायच्या, एवढ्या लांब कशाला पाठवता, तर तुम्ही म्हणायचात, तिथे बाकं आहेत. पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "तू मराठी? तारा पप्पा बँकमां छे?" आधीच्या वर्षी तिच्या वर्गात एक मराठी मुलगी होती आणि तिचे वडील बँकेत होते, एवढंच त्यामागचं कारण. सुरतेत मराठी माणसं दोन तऱ्हेची. बँकांत, शाळांत, सरकारी ऑफिसांत असतात ती एक, आणि आपण एक. मी मान हलवली. मान हलवायला काहीच लागत नाही. मग ती बँक माझ्या मागेच लागली. कुठली शाखा, कुठला हुद्दा, मी दर आठवड्याला थोडं थोडं रचत गेले.

सहारा दरवाज्याला दरवाजा नव्हता. पूल होता, ट्रक होते, कापडाच्या गठड्या होत्या. तुम्ही म्हणालात, हा पडला असेल, पुढचा बघू. दिल्ली गेटला भर चौकात उभं राहून तुम्ही चारी दिशांना बघितलंत. मग पानवाल्याला विचारलंत, "भाई, दिल्ली गेट किधर है?" तो म्हणाला, "आ ज दिल्ली गेट." तुम्ही म्हणालात, "वो नही. दरवाजा, दरवाजा!" आणि दोन्ही हात पसरून दरवाजा दाखवलात. पानवाला हसायला लागला. "दरवाजो तो क्यारनो तूटी गयो, काका." आजूबाजूचे चार जण हसले. तुम्हीही हसलात, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. मी चपलेचा अंगठा बघत उभी. लाल दरवाज्यालाही तेच. कतारगामलाही तेच. दरवाजे नाहीत, कोट नाही, कुठेतरी एखादा विटांचा तुकडा घरांच्या मधे अडकलेला. माय म्हणाली, आता तरी बसा कुठे. पण तुम्ही हरला नव्हतात. प्रत्येक ठिकाणी तुम्ही दरवाजा असायला हवा होता त्या जागी आम्हाला उभं करायचात आणि म्हणायचात, "आता चाला मझार. आपन मझार उनूत." आता आत चला, आपण आत आलो. आणि धाकटी दर वेळी डोकं खाली वाकवून जायची, कमान लागू नये म्हणून.

कतारगाम दरवाज्याजवळ गोऱ्यांचं जुनं कबरस्तान आहे. गेल्या रविवारी किल्ल्याच्या आधी मी पोरीला तिथेही नेलं. एवढ्या मोठ्या कबरी, दोन मजली, घुमटाच्या, की तुम्ही आधी त्यांना देवळंच समजलात. आत शांत होतं. पाखरांचा आवाज, गवत, आणि एका बाजूला एक म्हातारे पारशी गृहस्थ वहीत काहीतरी उतरवून घेत बसलेले. तुम्ही मोठ्या घुमटाखाली जाऊन उभे राहिलात आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात मायला म्हणालात, "कितला मोठा मानूस व्हई हाऊ!" घुमटानं ते वाक्य उचललं आणि दोनदा परत फेकलं. पारशीबाबांनी चष्म्यावरून बघितलं. रागानं नव्हे, नुसतंच. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे जाऊन तुमच्या हाताला धरलं आणि म्हणाले, "आबा, हळू बोला ना जरा!" तुम्हाला ऐकू गेलं नाही, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि लगेच तोंडावर बोट ठेवून गप्प बसलात. तेव्हा मी यातलं काहीच जोडलं नाही. तुमचं ऐकू न येणं मला माहीत होतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे का बघता, हे मी कधी विचारलं नव्हतं.

किल्ल्यात तेव्हा सरकारी कचेऱ्या होत्या आणि सुटीमुळे सगळं बंद. दारावरचा वॉचमन म्हणाला, "आजे रजा छे." तुम्ही तुमच्या हिंदीत त्याला सांगितलंत, "साब, धुलिया से आया, खास किल्ला देखने. बच्चा लोगको एक नजर देखने दो." धुळ्याहून! गरनाळ्यापलीकडून चालत आलेली माणसं आपण. माय पदराआड हसत होती. वॉचमननं भाकऱ्यांचं गाठोडं बघितलं, धाकटीचे धुळीनं माखलेले पाय बघितले आणि आत सोडलं, पाच मिनिटांसाठी. बुरुजावरून तापी दिसली. दिवाळीनंतरचं शांत पाणी, पुलावरून जाणाऱ्या बसेस, पलीकडे रांदेर. तुम्ही नदीकडे बोट केलंत. मग म्हणालात, इथून गलबतं सुटायची म्हणतात, आपल्यासारख्यांनी विणलेलं कापड घेऊन. तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे. पण "आपल्यासारख्यांनी" म्हणताना तुम्ही ताठ उभे होतात, हे मला आठवतं, आणि मला तेव्हा बुरुजावर बरं वाटलं होतं. हे लिहून ठेवते. त्या दिवसभर मी वाईटच वागले, असं नाही.

चौकातून डुमसची बस मिळाली. मायनं दर्या कधी पाहिला नव्हता. वाळू काळी, पाणी गढूळ आणि खूप लांब ओसरलेलं, तरीही ती काठावर उभी राहून म्हणाली, "माय वं! इतलं पानी कोनी सोडं व्हई?" पाटाला पाणी सोडतात तसं. ती आणि धाकटी हात धरून पार पाण्यापर्यंत गेल्या. मी वाळूवर सामान सांभाळत बसले. तुम्ही भज्यांच्या गाडीकडे गेलात. गाडीला ही गर्दी. माझ्यापासून तुम्ही पंचवीस-तीस पावलांवर असाल, मधे घोडेवाले, फुगेवाले, पोरं.

आणि तेव्हा ती आली. बाकावरची. तिच्या अंगावर दिवाळीचा नवा ड्रेस, मागे तिचे आई-वडील स्कूटरजवळ उभे. मला बघून ती आनंदानं ओरडली. तिच्यात काही खोट नव्हती, आबा. चांगली मुलगी होती. मी उठून उभी राहिले. नेमकं त्याच वेळी तुम्ही गाडीपाशी वळलात आणि हात वर करून मला बोटांनी विचारलंत, किती प्लेट? एक, दोन, तीन, आणि मग पंजा हलवून, सांग ना. तुमचा लाल चौकड्यांचा शर्ट, केसांत दिवाळीचं तेल, चेहऱ्यावर एवढं हसू. तिनं वळून बघितलं. "आ कोण छे? तारा पप्पा?"

मी म्हणाले, "ना रे, पप्पा तो बँकना कामे मुंबई गया छे. आ तो अमारी बाजुमां रहे छे. फरवा लई आव्या."

नाही ग, पप्पा बँकेच्या कामाला मुंबईला गेलेत. हे आमच्या शेजारी राहतात. फिरवायला घेऊन आले. हे मराठीत लिहिताना आज पहिल्यांदा कळतंय की ते किती सफाईनं बोलले होते. एकही शब्द अडला नव्हता. मला वाटलं होतं, तुम्ही लांब आहात, कानांनी अधू आहात, गर्दीचा गोंगाट आहे, आणि वर गुजराती. मी अगदी निर्धास्तपणे, तोंड तुमच्याकडे ठेवून बोलले.

तुमचा हात खाली आला. तुम्ही गाडीकडे वळलात. मला वाटलं, नंबर आला असेल. मैत्रीण आणखी पाच-सात मिनिटं बोलत राहिली आणि तुम्ही त्या सगळ्या वेळात गाडीपाशीच उभे राहिलात. प्लेटा हातात घेऊन, पाठ करून. ती गेल्यावर, तिची स्कूटर रस्त्याला लागल्यावर तुम्ही आलात. भजी निवली होती. मी मनात म्हटलं, बरं झालं, नशीबच आपलं. माय पाण्यातून परत आली, म्हणाली, "भूक लागनी का? इतला येळ काय करी ऱ्हायनथात?" तुम्ही म्हणालात, "गर्दी व्हती." आणि धाकटीला पहिलं भजं भरवलंत.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, त्या पहिल्या शनिवारी तुम्ही शाळेपाशी आला नाहीत. त्याआधी रात्रपाळी सुटली की दर शनिवारी अर्ध्या शाळेच्या वेळेला तुम्ही फाटकापाशी येऊन उभे राहायचात. केसांत धाग्यांचा भुगा, सायकल टेकवलेली. मी तुम्हाला टाळून मागच्या फाटकानं निघायचे आणि वळणावर भेटायचे, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता तुम्ही वळणावरच थांबायला लागलात, सायकल दुरुस्तीच्या टपरीच्या आड. मला हायसं वाटलं. तेवढंच वाटलं.

मग मायला ताप आला आणि डबा घेऊन मी पहिल्यांदा खात्यात आले. महिना झाला असेल. तो आवाज मी बाहेरून रोज ऐकत होते, पण आत तो कानात मावत नाही, छातीत शिरतो. पांढरा भुगा तरंगतोय, माग धडधडतायत आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत तुम्ही बारा मागांवर नजर ठेवून फिरताय. मी दारातच थबकले. तुम्ही मला पाहिलं नव्हतं. पार दुसऱ्या टोकाला गल्लीतले ते शिरपूरकडचे काका होते, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो. तुम्ही दोघं बोलत होतात. आवाज न काढता. नुसते ओठ हलत होते, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामा काहीतरी म्हणाले, तुम्ही मान मागे टाकून हसलात, उलट काहीतरी म्हणालात, ते लाजले. एखाद्या ओट्यावर बसून दोन माणसं गप्पा मारतात तशा गप्पा चालल्या होत्या.

जेवणाच्या सुटीत माग थांबले तेव्हा मामा डबा उघडता उघडता मला म्हणाले, "तुना बाप म्हणजे वस्ताद शे, पोरी. त्या काचमझारला शेठ फोनवर काय बोलस, आठेन सांगी देस." काचेच्या केबिनमधला शेठ फोनवर काय बोलतो, ते इथून सांगतो. आणि मग ते कौतुकानं सांगतच सुटले. शेठ गुजरातीत बोलो की हिंदीत, अडत नाही. दिवाळीची सुटी किती दिवसांची, हे शेठ जाहीर करण्याआधी सगळ्या खात्याला तुमच्याकडून कळलेलं असतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही भाकरी मोडत होतात. वर न बघता म्हणालात, "आठे कान काय कामना? तोंड दखीसन समजी लेवानं." इथे कान काय कामाचे, तोंड बघून समजून घ्यायचं. अगदी साधेपणानं, कामाची गोष्ट सांगावी तसं. मग वर बघितलंत. माझा चेहरा कसा झाला असेल, मला माहीत नाही. पण तुम्हाला तोंडं वाचता येत होती. तुम्ही पटकन मामांकडे वळलात आणि मिरचीबद्दल काहीतरी बोलायला लागलात.

घरी जाताना मी डुमसची ती पाच मिनिटं पुन्हा पुन्हा बघत होते. तुम्ही मला किती प्लेट म्हणून विचारलं होतं. उत्तरासाठी तुम्ही माझ्या ओठांकडेच बघत होतात, कारण तुमची तीच सवय होती. आणि माझ्या ओठांतून ते आलं. भजी निवेपर्यंत तुम्ही गाडीपाशी थांबलात, ते माझी लाज झाकायला.

मी वाट बघितली. आज नाही तर उद्या तुम्ही काही बोलाल, रागवाल, निदान मायजवळ काही काढाल. तुम्ही मला त्याआधी रागवला नव्हतात असं नाही. पाटी फोडली तेव्हा, धाकटीला ढकललं तेव्हा चांगल्या दोन बसल्या होत्या. ही एक का बसली नाही? बसली असती तर मी रडले असते, पाया पडले असते, आणि सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. तुम्ही काहीच केलं नाहीत. फीच्या तारखा पाळल्यात, गाईड आणून दिलंत, दिव्याखाली जागा करून दिलीत. माझ्याशी बोलायचात तेही आधीसारखंच, तसंच गल्लीभर ऐकू जाईल असं. फक्त शाळेच्या रस्त्यावर आवाज काढायचा नाहीत.

दहावीचा निकाल लागला तेव्हा मी कावीळ होऊन पडले होते. मार्कशीट आणि दाखला तुम्ही आणलात. पुढे काही दिवसांनी मी दाखला मिळाल्याची सही करायला गेले तर ऑफिसातल्या क्लार्कबाई म्हणाल्या, "तारा पप्पाए मोकलेला भाई लई गया." तुझ्या पप्पांनी पाठवलेले भाऊ घेऊन गेले. मी विचारलं, काय म्हणाले ते? बाई म्हणाल्या, "कहेता हता के बाजुमां रहुं छुं. बहु खुश हता." म्हणत होते, शेजारी राहतो. फार खूश होते. एवढंच नव्हे, त्यांनी ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले होते. स्वतःच्या पोरीचे पेढे, शेजारी म्हणून. मी तिथे उभी होते, आबा. आठवीपासून तीन वर्षं मी ते खोटं एकटी वागवतेय असं समजत होते. तुम्ही ते केव्हाच उचललं होतं आणि गरज पडेल तिथे वापरतही होतात, माझं कुठे उघडं पडू नये म्हणून. मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं, ते माझे वडील आहेत. क्लार्कबाई वाट बघत होत्या. मी सही केली आणि आले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपण गोडादऱ्याला आपल्या स्वतःच्या खोलीत राहायला आलो, मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले. तुमची छाती भुग्यानं भरली. कान पुरतेच गेले. खातं सुटलं. शेवटच्या त्या उन्हाळ्यात तुम्ही खाटेवर, आणि आम्ही आळीपाळीनं तुमच्याजवळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जवळ बसताना तोंडाला कापड लावा. माय लावायची नाही. मीही लावत नव्हते, कारण तोंड झाकलं की तुम्हाला काही कळायचं नाही आणि तुम्ही कावरेबावरे व्हायचात.

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. लिहून झालं की कपाटात जाईल, पोरीच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी. पण इथवर आले आहे तर एक राहिलंय, तेही लिहिते.

एका दुपारी माय रेशनला गेली होती. तुम्ही जागे होतात आणि माझ्याकडे बघत होतात. मी खाटेच्या कडेला बसले, ओढणी नाकातोंडावर ओढून घेतली आणि बोलले. सगळं बोलले. डुमस, बँक, भजी, पेढे. माझं चुकलं आबा, असं तीनदा म्हणाले, मोठ्यानं, शेजारच्या खोलीत जाईल एवढ्या मोठ्यानं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं हे मला माहीत होतं. ओढणी मी त्यासाठीच घेतली होती. तुम्हाला माझे डोळे दिसत होते, कापड हलताना दिसत होतं. तुम्ही हात उचललात, फार कष्टानं, आणि माझ्या तोंडाकडे बोट केलंत. ओढणी काढ. पुन्हा सांग.

मी ओढणी काढली आणि विचारलं, "पाणी देऊ का?"

तुम्ही माझ्या ओठांकडे बघत राहिलात. मग हो म्हणून मान हलवलीत. घटकाभरापूर्वीच मी तुम्हाला पाणी पाजलं होतं, तुम्हाला तहान नव्हती. तरी मी आणलेला सगळा पेला तुम्ही प्यालात.